नॅनोक्रिस्टल जेल: आधी बारीक केलं, मग परत जाड केलं (एक प्रकरण अभ्यास)

पिंपल्सवरच्या एका जुन्या क्रीमच्या जागी नॅनोक्रिस्टलचं जेल बनवणाऱ्या टीमची ही गोष्ट. कंपनी, औषध, माणसं यातलं काहीच ओळखू येऊ नये म्हणून नावं काढलीत आणि टीमचे स्वतःचे आकडे मुद्दाम ढोबळ ठेवलेत. मी या टीममध्ये नव्हतो, मधल्या टप्प्यात डेटा बघायला म्हणून बोलावलं होतं, त्यामुळे सुरुवातीचा भाग त्यांच्या नोंदींवरून आणि बोलण्यातून आलाय. घटनाक्रम मात्र जसा झाला तसाच आहे.

पार्श्वभूमी

औषध दाह कमी करणारं. पिंपल्स आणि केसांच्या मुळाशी होणारी सूज यासाठी लावायचं. रेणूचं वजन चारशे डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) जरा वर, तेलाकडे ओढ भरपूर, पाण्यात विरघळणं जवळजवळ नाहीच, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम एवढंच. जुनं क्रीम होतं त्यात हेच औषध मायक्रोनाइज करून, साधारण पाच ते दहा मायक्रॉनची पावडर म्हणून टाकलेलं. लावलं की थोड्या वेळात क्रीममधलं पाणी उडतं आणि त्वचेवर पांढरट भुकटी राहते, हात फिरवला की निघून येते. म्हणजे औषधाचा बराचसा भाग त्वचेवर बसतो, आत जात नाही आणि चेहरा धुतला की संपलं.

त्वचेचा वरचा मृत थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाड असतो पण खरा पहारेकरी तोच. चपट्या मृत पेशी आणि त्यांच्या मधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिड यांचे थर. २००० साली बॉस आणि माइनार्डी यांनी मांडलेला ५०० डाल्टनचा नियम या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ असतो, त्याच्या वरचे रेणू अखंड त्वचेतून सहसा जात नाहीत. आपलं औषध त्या मर्यादेच्या आत होतं. तेलाकडची ओढ मोजायचा जो आकडा, लॉग पी, तो १ ते ३ च्या मधे असला तर बरं म्हणतात, इथे तो पाचच्या जवळ. थोडक्यात त्वचेच्या तेलकट भागात शिरायला याची ना नाही, पण शिरण्याआधी विरघळायला तर हवं ना, आणि तिथेच गाडी अडलेली.

नॅनोक्रिस्टल म्हणजे काय ते एकदा सांगून टाकतो कारण लोक याची लायपोसोमशी, म्हणजे औषध पोटात घेऊन जाणाऱ्या चरबीच्या सूक्ष्म पिशवीशी, गल्लत करतात. यात वाहक वगैरे काही नसतं. शुद्ध औषधाचाच स्फटिक, १००० नॅनोमीटरच्या खाली आणलेला, आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वर थोडं सर्फॅक्टंट (साबणासारखं काम करणारा पदार्थ) किंवा पॉलिमर. पोटात घ्यायच्या औषधांमध्ये हे तंत्र जुनं झालंय, सिरोलिमसची गोळी २००० साली आली, अ‍ॅप्रेपिटंट २००३, फेनोफायब्रेट २००४. त्वचेवर मात्र आधी ते कॉस्मेटिकमध्ये आलं, २००७ च्या सुमारास रुटिनचं, आणि त्यामागे बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतल्या राइनर म्युलर यांच्या ग्रुपचं काम होतं. औषधांच्या क्रीममध्ये अजून तेवढी गर्दी नाही, त्यामुळे टीमला वाटलं की इथे जागा आहे.

अडचण

टीमला मिळालेला ब्रीफ एका ओळीचा होता: त्वचेतून औषधाची डिलिव्हरी वाढवा.

ही ओळ वाचायला ठीक वाटते पण हिचे तीन अर्थ होतात. औषध त्वचेच्या आत साठवायचंय, की त्वचा ओलांडून रक्तात न्यायचंय, की केसांच्या फॉलिकलमध्ये, म्हणजे केस जिथून उगवतो त्या बारीक नळीत, उतरवायचंय? तिन्हीसाठी मोजायची पद्धत वेगळी, चांगला कणांचा आकार वेगळा, इतकंच काय चांगला निकाल म्हणजे काय तेही वेगळं. पिंपल्सच्या औषधाला रक्तात जायचं कारणच नाही, उलट गेलं तर ती डोकेदुखी. पण हे तेव्हा कोणी बोललं नाही. सगळ्यांच्या डोक्यात "जास्त आत गेलं की चांगलं" एवढंच होतं आणि पुढचे बरेच महिने त्याच हिशोबाने गेले.

कोणते पर्याय होते

पहिला, सॉल्व्हंट, म्हणजे औषध विरघळवणारा द्रव, वाढवायचं. प्रॉपिलीन ग्लायकॉल, इथेनॉल, ट्रान्सक्यूटॉल यात औषध विरघळवून जेल करायचं. सगळ्यात स्वस्त आणि पटकन होणारं. पण पिंपल्सवाली त्वचा आधीच चिडलेली असते, त्यात एवढं सॉल्व्हंट म्हणजे जळजळ ठरलेली, शिवाय लावल्यावर अल्कोहोल उडालं की औषध परत स्फटिक होऊन वर बसण्याची शक्यता.

दुसरा, लिपिड नॅनोपार्टिकल, म्हणजे औषध पोटात घेतलेले चरबीचे सूक्ष्म कण. यात लोडिंगची अडचण. लिपिडच्या पोटात औषध मावतं तेवढंच मावतं आणि साठवणीत लिपिड आपली स्फटिक रचना बदलतो तेव्हा औषधाला बाहेर ढकलतो, हे घन लिपिडच्या बाबतीत वारंवार बघितलं गेलंय. मायक्रोइमल्शनमध्ये सर्फॅक्टंट फार लागतं, तो पर्याय एका मीटिंगमध्येच बाद झाला. सायक्लोडेक्स्ट्रिन (आत पोकळी असलेला साखरेचा कड्यासारखा रेणू) करून बघितलं, औषधाचा रेणू पोकळीत नीट बसला नाही.

राहिलं नॅनोक्रिस्टल. कण म्हणजे सगळं औषधच, सर्फॅक्टंट थोडं, आणि मिलिंगचं मशीन आवारातच दुसऱ्या ग्रुपकडे पडून होतं. खरं सांगायचं तर निर्णयात या शेवटच्या कारणाचा वाटा मोठा होता, नोंदींमध्ये तसं लिहिलेलं नाही पण बोलताना सगळे मान्य करतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, हातात असलेल्या मशीनने सुरुवात करणं हा पण एक निकषच आहे.

मिलिंग आणि स्टॅबिलायझर

पद्धत ओल्या बीड मिलिंगची. पाण्यात औषधाची पावडर, स्टॅबिलायझर (कणांना चिकटू न देणारा पदार्थ), आणि झिर्कोनियाचे अर्ध्या मिलिमीटरच्या आतले बीड्स, आणि फिरवत राहायचं. बाहेरच्या जॅकेटमधून थंड पाणी सोडावं लागतं, नाहीतर आतलं सस्पेन्शन तापतं, तापलं की औषध थोडं जास्त विरघळतं आणि थंड झाल्यावर नको तिथे परत बसतं. स्टॅबिलायझर म्हणून पोलोक्झामर १८८, पॉलिसॉर्बेट ८०, टीपीजीएस, आणि एक साखरेवर बेतलेलं सर्फॅक्टंट असे करून बघितले. पॉलिसॉर्बेटने फेस इतका केला की बीड्स फेसातच तरंगायला लागले आणि दळणं जवळजवळ थांबलं. पोलोक्झामर शांत होता, तोच ठेवला.

पहिल्या तासात आकार धडाधड खाली येतो, मग वेग कमी होतो आणि एका जागी अडकतो. टीमने तरीही चालू ठेवलं. सरासरी १८० नॅनोमीटरपर्यंत आणलं, सस्पेन्शन दुधासारखं पांढरं होतं ते कडेला निळसर दिसायला लागलं आणि सगळे खूश. एक्स-रेमध्ये स्फटिकाच्या रेषा जागेवर होत्या म्हणजे औषधाची स्फटिक रचना मोडून ते अमॉर्फस झालं नव्हतं, ते बघणं गरजेचंच होतं.

एवढं बारीक करायचं का, हा प्रश्न मात्र विचारला गेला नाही. "नॅनो आहे ना, मग जितकं नॅनो तितकं भारी" असा एकूण सूर.

पहिला निर्णय: विद्राव्यतेचा आकडा खरा मानायचा का

पहिला मोठा डेटा आला तो विद्राव्यतेचा. मायक्रोनाइज पावडरच्या तुलनेत नॅनोक्रिस्टलची पाण्यातली विद्राव्यता पाच-सहा पट. स्लाइड तयार झाली, वरपर्यंत गेली.

मी आलो तो याच सुमारास, आणि त्या स्लाइडवर माझी नजर अडकली, कारण हे गणितात बसत नाही. कण लहान झाला की विद्राव्यता वाढते हे खरं, ऑस्टवाल्ड-फ्रॉइंडलिशचं समीकरण तेच सांगतं, पण वाढ किती? सेंद्रिय औषधासाठी नेहमीच्या किमती घालून १०० नॅनोमीटर त्रिज्येचा कण धरला तर उत्तर ५ ते १५ टक्क्यांच्या आसपास येतं. पट नाही, टक्के. खरी मोठी वाढ हवी तर कण काही दहा नॅनोमीटरवर न्यावे लागतील आणि बीड मिलने ते सहज होत नाही.

मग पाच-सहा पट आलं कुठून? पद्धत बघितली. सस्पेन्शन ढवळायचं, ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढायचं, जे खाली येईल ते विरघळलेलं समजून एचपीएलसीवर (औषधाचं प्रमाण मोजायचं यंत्र) मोजायचं. आता कणांची सरासरी १८० नॅनोमीटर आणि फिल्टरचं छिद्र २२० नॅनोमीटर. अ‍ॅनालिटिकलमधली जी ज्युनिअर मुलगी होती तिने फिल्टर केलेल्या बाटलीतून लाल लेझर पॉइंटर मारून दाखवला, आतून सरळ लाल रेघ दिसली. नुसत्या पोलोक्झामरच्या पाण्यातून मारला तर रेघ जवळपास नाहीच. ती म्हणाली, "मॅडम, हे विरघळलेलं नाहीये, हे पार झालेलं आहे." टीम लीड मॅडमनी दोन्ही बाटल्या हातात घेतल्या, परत एकदा लेझर मारला, आणि म्हणाल्या, "स्लाइड मागे घ्या."

अल्ट्रासेंट्रिफ्यूज करून, म्हणजे अतिवेगाने फिरवून कण तळाशी बसवून, वरचं स्वच्छ पाणी घेऊन परत मोजलं. आणि यावेळी तुलना साध्या पाण्यातल्या पावडरशी न करता तेवढंच पोलोक्झामर असलेल्या पाण्यातल्या पावडरशी केली. फरक उरला तो थोडासाच, गणिताला धरून.

इथे दोन वाटा होत्या. एक, प्रोजेक्ट बंद, कारण ज्या आकड्यावर मंजुरी मिळाली तोच गेला. दुसरी, फायदा विद्राव्यतेतून येत नसेल तर कशातून येऊ शकतो ते बघणं. मॅडमनी दुसरी घेतली पण वरच्यांना आधी स्पष्ट कळवून. कळवणं सोपं नसतं आणि मला वाटतं पुढे सगळ्यांनी धीर धरला तो त्यामुळेच.

दुसरा निर्णय: प्रॉपिलीन ग्लायकॉल

सस्पेन्शनला जेल करायचं म्हणजे कार्बोमर (घट्टपणा आणणारा पॉलिमर) टाकायचा आणि पीएच वर आणायचा. स्टॅबिलायझर बिनभाराचा असल्यामुळे इथे फारसं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पुढे.

क्लिनिकलवाल्यांकडून सूचना आली की पेनिट्रेशन वाढवायला २० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल टाका, सगळेच टाकतात. टाकलं. जेल सुंदर दिसत होतं, लावायला पण छान. महिनाभर ४० अंशावर ठेवलेली बरणी काढली आणि चिमूटभर जेल पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली ठेवलं तर काळ्या पडद्यावर चमकणाऱ्या सुया! काही सुया वीस-तीस मायक्रॉन लांब. म्हणजे जुन्या क्रीमपेक्षाही मोठे कण झाले. फ्रीज आणि बाहेर असं आलटून पालटून ठेवलेल्या बरणीत तर अजून वाईट.

कारण सरळ आहे. लहान कणाची विद्राव्यता मोठ्यापेक्षा किंचित जास्त, म्हणून लहान विरघळत राहतो आणि तेच औषध मोठ्यावर जाऊन बसतं, याला ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. साध्या पाण्यात औषध इतकं कमी विरघळतं की ही देवाणघेवाण गोगलगायीच्या गतीने चालते. प्रॉपिलीन ग्लायकॉलने औषध जास्त विरघळायला लागलं आणि देवाणघेवाणीला रस्ता मोकळा झाला. म्हणजे जे औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून आपण रडत होतो, ते न विरघळणंच नॅनोक्रिस्टलला बरणीत टिकवतं. हा मुद्दा मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नॅनोक्रिस्टलच्या फॉर्म्युल्यात आपण सवयीने ज्या ज्या "मदत करणाऱ्या" गोष्टी घालतो, सॉल्व्हंट, जादा सर्फॅक्टंट, सुगंधी तेल, त्यातली जी औषधाला विरघळवते ती कणांना खाते.

यावर वाद झाला. क्लिनिकलवाल्यांचं म्हणणं, ग्लायकॉल त्वचेवर स्वतः पण काम करतं, ते काढलं तर पेनिट्रेशन पडेल. ते चूक नव्हते. पण हिगुचीने १९६० मध्येच दाखवलंय की औषध त्वचेत ढकलणारी शक्ती ही किती मिलिग्रॅम विरघळलंय यावर नाही तर द्रावण संपृक्ततेच्या किती जवळ आहे यावर ठरते, आणि न विरघळलेले कण शिल्लक आहेत तोवर पाण्यातलं चिमूटभर औषध पण पूर्ण संपृक्तच असतं. मग कणच संपवून काय मिळवणार? शेवटी ग्लायकॉल काढलं, ओलाव्यासाठी ग्लिसरीन ठेवलं, त्यात हे औषध फारसं विरघळत नाही.

प्रिझर्व्हेटिव्हचीही अशीच गंमत. पाण्याकडे ओढ कमी असलेले प्रिझर्व्हेटिव्ह कणांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात, स्टॅबिलायझरला बाजूला करतात आणि कणांचे गठ्ठे होतात. तीन-चार करून बघावे लागले. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही, फक्त एवढंच की प्रत्येक प्रिझर्व्हेटिव्ह आधी नुसत्या सस्पेन्शनमध्ये घालून, वेगवेगळ्या तापमानाला ठेवून, आकार मोजून मगच जेलमध्ये न्यावा, सरळ जेलमध्ये घातला की काय कशामुळे झालं ते कळत नाही.

तिसरा निर्णय: फ्रान्झ सेलने नाही म्हटल्यावर

स्थिर जेल हातात आलं. मग फ्रान्झ सेल: वर जेल, मधे त्वचा, खाली द्रव, त्वचेचा पृष्ठभाग ३२ अंशावर, आणि ठराविक वेळाने खालच्या द्रवातून नमुना काढून मोजायचं की किती पार झालं. खालच्या द्रवात थोडं अल्ब्युमिन घातलं होतं, नाहीतर हे औषध तिथे विरघळणारच नाही आणि आकडा उगाच कमी येईल. त्वचा वापरली माणसाची, पोटाच्या सर्जरीतून मिळालेली, डर्माटोमने (त्वचेचा पातळ थर कापायचं हत्यार) अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास कापलेली. कागदावर सगळं चोख.

निकाल: नॅनोक्रिस्टल जेल आणि मायक्रोनाइज पावडरचं जेल, दोन्हीच्या रेषा जवळजवळ एकमेकींवर.

एक गोष्ट इथे नीट झाली होती ती म्हणजे तुलना जुन्या क्रीमशी नव्हती. त्याच जेलमध्ये, तेवढ्याच पोलोक्झामरबरोबर, फक्त कण मोठे असलेला कंट्रोल बनवला होता. आधी एकदा जुन्या क्रीमशी तुलना केली होती तेव्हा नॅनोवालं दुपटीने चांगलं दिसलं होतं, पण तो फरक जेलचा होता, कणांचा नाही. हा कंट्रोल नसता तर तोच दुपटीचा आकडा घेऊन प्रोजेक्ट पुढे गेला असता.

रेषा सारख्या का आल्या हेही आता उघड होतं. वाटेतला सगळ्यात मंद टप्पा आहे तो स्ट्रॅटम कॉर्नियम ओलांडण्याचा. मोठे कण पण त्वचेच्या ओढीपेक्षा पटकन विरघळतात, म्हणजे वरचं पाणी दोन्हीकडे सतत संपृक्तच राहतं. नळ इतका बारीक असेल तर वरची टाकी किती वेगाने भरते याने काय फरक पडणार? आणि अखंड त्वचेतून स्फटिक जसाच्या तसा आरपार जातो ही समजूत तर सोडूनच द्यायला हवी, कण बाहेर राहतो, विरघळलेला रेणू आत जातो.

या मीटिंगमध्ये प्रोजेक्ट बंद करण्याचा प्रस्ताव होता आणि बहुतेकांचा कलही तिकडेच. तेव्हा फॉर्म्युलेशनमधल्या एकाने विचारलं, "पण सर, पिंपल होतो कुठे?" फॉलिकलमध्ये होतो. मग आपण रिसेप्टरमध्ये, म्हणजे सेलमधल्या खालच्या द्रवात, काय शोधतोय?

फॉलिकलकडे

फॉलिकलचं तोंड त्वचेच्या पृष्ठभागाचा फार थोडा भाग व्यापतं, हाताच्या पुढच्या भागावर ०.१ टक्क्याच्या आसपास, कपाळावर १ टक्क्याच्या वर. पण ते खोल जातं, खालच्या भागात अडथळा पातळ असतो, आणि आत शिरलेला कण सहज धुऊन निघत नाही. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधल्या लाडेमान यांच्या ग्रुपने दाखवलंय की फॉलिकलमध्ये गेलेले कण काही दिवस तिथे राहतात, स्ट्रॅटम कॉर्नियममध्ये बसलेलं मात्र पेशी झडतात आणि कपड्यांना लागतं तसं लवकर जातं.

आणि इथे आधीच्या प्रयोगातली खोच कळली. कापून काढलेली माणसाची त्वचा आक्रसते, लवचिक तंतू फॉलिकलभोवती आवळले जातात आणि तोंडं मिटतात. त्यामुळे अशा त्वचेत फॉलिकलचा साठा जिवंत त्वचेपेक्षा खूपच कमी दिसतो. वर डर्माटोमने कापल्यामुळे फॉलिकलचा खालचा भागच उडालेला. म्हणजे टीमने सगळ्यात "खरी" त्वचा निवडली आणि नेमकी हीच गोष्ट त्यात दिसणं शक्य नव्हतं. डुकराचा कान, कूर्चेवरून न सोलता तसाच वापरला तर आक्रसत नाही, म्हणून फॉलिकलच्या कामाला तो जास्त बरा.

पद्धत बदलली. कानावर ठराविक थोडंसं जेल, ग्लोव्हज घालून ठराविक वेळ मसाज, मग थांबायचं. नंतर चिकटपट्टीने एकेक थर काढत स्ट्रॅटम कॉर्नियम साफ, आणि त्यानंतर सुपरग्लूच्या जातीचा सायनोअ‍ॅक्रिलेटचा थेंब लावून वर पट्टी दाबायची, वाळला की ओढायची. पट्टीवर फॉलिकलच्या आतला ऐवज बारीक खुंट्यांसारखा उभा निघून येतो, मायक्रोस्कोपखाली बघायला मजा वाटते. चिकटपट्ट्यांमधलं औषध वेगळं मोजायचं, खुंट्यांमधलं वेगळं. चिकट काम आहे, हात बसायला वेळ लागतो, पहिल्या काही कानांचा डेटा फेकून द्यावा लागला.

निकाल आला तो सौम्य पण स्पष्ट: फॉलिकलमध्ये नॅनोक्रिस्टलचं औषध मायक्रोनाइजपेक्षा जास्त. वरच्या थरात फरक किरकोळ.

चौथा निर्णय: परत जाड

आता साहित्यातली एक गोष्ट कामाला आली. त्याच शारिटे ग्रुपने वेगवेगळ्या आकाराचे पॉलिमरचे कण डुकराच्या कानावर मसाज करून बघितले तेव्हा सगळ्यात खोल गेले ते सहाशे ते साडेसहाशे नॅनोमीटरच्या आसपासचे. त्याहून लहान कमी खोल, त्याहून मोठेही कमी. केसावर खवल्यांसारखी जी रचना असते तिच्याशी या आकाराचं जुळतं आणि केस हलला की कण खाली खाली सरकत जातो, असं स्पष्टीकरण दिलं जातं. पुढे कॅफीनच्या सातशे नॅनोमीटरच्या आसपासच्या स्फटिकांवर फॉलिकलसाठी काम झालंय ते याच धाग्याने.

मग १८० कशाला? टीममध्ये यावर नाराजी होती, कारण १८० पर्यंत यायला घाम गाळलेला, आणि वरच्यांना "आता आम्ही कण मोठे करतोय" हे सांगायचं कसं. शेवटी दोन्ही बॅच समोरासमोर ठेवायचं ठरलं. मिलिंग खूप आधी थांबवून साडेसहाशेच्या जवळची बॅच काढली. आकाराचा पसारा थोडा जास्त होता, पहिल्यांदा काही मोठे तुकडे राहिले होते ते चाळून काढले.

जाड बॅच फॉलिकलमध्ये १८० वाल्यापेक्षा पुढे निघाली. आणि फुकटात आणखी गोष्टी मिळाल्या: मिलिंग कमी म्हणून बीड्स कमी झिजले आणि झिर्कोनियमचा अंश कमी आला, पृष्ठभाग कमी म्हणून स्टॅबिलायझर कमी लागलं, आणि रायपनिंगचा जोर कमी झाल्यामुळे ४० अंशाची बरणी चांगली टिकली. मोठे कण तळाशी बसतील ही भीती होती पण जेलमध्ये ते जागचे हलत नाहीत.

निकाल

सध्या हातात आहे ते असं: साडेसहाशे नॅनोमीटरच्या जवळचे कण, कार्बोमर जेल, ग्लिसरीन, सॉल्व्हंट नाही. फॉलिकलमध्ये साठा मायक्रोनाइजपेक्षा स्पष्ट जास्त, त्वचा ओलांडून जाणारं प्रमाण जवळपास तेवढंच, आणि या औषधासाठी ते तेवढंच राहणं ही चांगली बातमी. पांढरी भुकटी बरीच कमी झाली.

माणसांवर अजून काही झालेलं नाही, म्हणून पिंपल बरे होतात का हे कोणी विचारलं तर उत्तर नाही. मसाज हा मोठा घटक आहे, मसाज न करता नुसतं लावलं तर कानावरचा फायदा बराच कमी झाला, आणि सुजलेल्या पिंपलवर कोण किती चोळणार, चोळावं का, हा वेगळाच प्रश्न उभा राहिलाय. त्यावर क्लिनिकलवाले आणि फॉर्म्युलेशनवाले यांचं अजून एकमत नाही. शिवाय कान निरोगी होता, पिंपलवाल्या फॉलिकलचं तोंड बुजलेलं असतं.

आणि कण मोठे केले म्हणून नॅनोचे नियम टळले असं कोणी समजू नये. अमेरिकेच्या एफडीएची नॅनोमटेरियलवरची मार्गदर्शिका २०२२ मध्ये अंतिम झाली, त्यात १०० नॅनोमीटरच्या वरचे पण १००० पर्यंतचे कण, जर आकारामुळेच गुणधर्म बदलत असतील तर, विचारात घेतले जातात. इथे तर आपला सगळा दावाच आकारावर आहे.

काय वेगळं करता आलं असतं

ब्रीफमधला "त्वचेतून" हा शब्द पहिल्याच मीटिंगमध्ये फोडायला हवा होता. लक्ष्य फॉलिकल असं लिहिलं असतं तर डुकराचा कान पहिल्यापासून आला असता आणि १८० च्या मागे कोणी लागलं नसतं. हे आता बोलणं सोपं आहे, मान्य.

विद्राव्यता मोजताना फिल्टरचं छिद्र कणापेक्षा बरंच लहान आहे ना, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात, आणि लेझर पॉइंटर कोणाकडेही असतो. आकडा समीकरणाच्या कित्येक पट पुढे गेला तर आनंद होण्याआधी पद्धत तपासायची. माझ्या बघण्यात नॅनोक्रिस्टलच्या कामात हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा निसटते.

सारख्या जेलमधला मोठ्या कणांचा कंट्रोल टीमने मधे केला, तो पहिल्या दिवसापासून हवा होता. मला विचाराल तर अजून एक कंट्रोल राहिलाय, त्याच जेलमधलं नुसतं संपृक्त द्रावण, कण शून्य. त्याने कळेल की फॉलिकलमधलं औषध कण म्हणून उतरलं की विरघळून. आतमध्ये सीबम असतं, तेलकट, आणि हे औषध तेलात विरघळतं, म्हणजे कण तिथे पोचल्यावर किती वेळ कण राहतो हेच माहीत नाही. कृत्रिम सीबममध्ये स्फटिक किती वेळात विरघळतात याचा प्रयोग आता लावलाय. तो पटकन विरघळतो असं निघालं तर साठा टिकण्याबद्दल जे गृहीत धरलंय ते परत तपासावं लागेल, आणि मग कदाचित आकाराचा प्रश्नही परत उघडावा लागेल.